मत्स्यालयाचा निःशब्द सांडवा

घरातल्या मोठ्या मत्स्यालयातून रात्रंदिवस येणाऱ्या आवाजाचे खापर सहसा पंपावर फोडले जाते. परंतु पाण्यात बुडवून चालवलेला चांगला पंप खोलीच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम ऐकू येतो आणि झोपमोड करणारी गुळगुळ बहुतेक वेळा वरच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या पाण्याची असते. ज्या मत्स्यालयाखालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवलेली असते, त्या रचनेत हा प्रश्न हमखास उभा राहतो. या खालच्या टाकीला ‘संप’ म्हणतात. गाळण्या, हीटर आणि पाणी परत वर चढवणारा पंप हे सारे तिच्यात ठेवले जाते, त्यामुळे माशांची टाकी मोकळी व देखणी राहते, एकूण पाणी वाढल्याने त्याचे तापमान व रासायनिक गुण स्थिर राहतात आणि बाष्पीभवनाने होणारी घट फक्त संपात दिसते. या सोयींची किंमत एकच असते, ती म्हणजे पंप जेवढे पाणी वर चढवतो नेमके तेवढेच पाणी प्रत्येक क्षणी गुरुत्वाकर्षणाने खाली आले पाहिजे. वर जाणारा प्रवाह विजेच्या जोरावर ठरतो, खाली येणाऱ्या प्रवाहामागे मात्र कोणतेही यंत्र नसते. आवाज आणि जमिनीवर पाणी सांडण्याचा धोका हे दोन्ही या विषमतेतून निर्माण होतात, म्हणूनच त्यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

पाणी खाली नेण्याची सुरुवात टाकीच्या पृष्ठभागावर होते. मासे, खाद्य आणि वनस्पती यांच्यापासून सुटणारी प्रथिने व स्निग्ध द्रव्ये पाण्यावर पातळ तवंग धरतात, त्याने प्रकाश अडतो आणि वायूंची देवाणघेवाण मंदावते. त्यामुळे पाणी तळातून न घेता वरच्या काठावरून, पातळ थराने, घेणे हिताचे ठरते. या काठाचे काम धरणाच्या सांडव्यासारखेच असते आणि त्याचे गणितही तेच असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेल येथील गिरण्यांच्या कालव्यांवर काम करणारे अभियंते जेम्स फ्रान्सिस यांनी तिथल्या प्रयोगांचे निष्कर्ष १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार, धारदार काठावरून वाहणाऱ्या पाण्याचा सेकंदाला घनमीटरमधील प्रवाह हा काठाची मीटरमधील लांबी, काठावरील पाण्याच्या उंचीचा दीड घात आणि सुमारे १.८४ हा गुणक यांच्या गुणाकाराएवढा असतो. ताशी २००० लिटर पाणी १५ सेंटिमीटर लांबीच्या कोपऱ्यातील सांडव्यावरून सोडले, तर काठावर जवळपास १६ मिलिमीटर पाणी उभे राहते. तेच पाणी ६० सेंटिमीटर लांबीच्या काठावरून सोडले, तर थर ६ मिलिमीटरच्या थोडा वर जातो. मासे पलीकडे जाऊ नयेत म्हणून काठाला करवतीसारखे दाते ठेवले, तर पाण्याला मिळणारी खरी लांबी बरीच कमी होते, हे गणित करताना विसरून चालत नाही. लांब काठावरून येणारा पातळ थर तवंग चांगला ओढतो आणि सांडव्यामागच्या पेटीत उतरताना आवाजही कमी करतो, या दोन्ही कारणांनी टाकीच्या मागच्या काचेला समांतर असा लांब, उथळ सांडवा कोपऱ्यातल्या अरुंद, खोल पेटीपेक्षा सरस मानावा लागतो.

सांडव्याच्या पेटीतून संपापर्यंतचा प्रवास पाइपातून होतो आणि आवाजाचे खरे घर हा पाइप असतो. वाहते पाणी स्वतः फारसा आवाज करत नाही. आवाज होतो तो त्यात कोंडलेल्या हवेचा. उत्रेख्त विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की पाण्यात नुकताच तयार झालेला हवेचा बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत कंपन करतो आणि त्याच्या कंपनाची वारंवारता त्याच्या आकारावरून ठरते. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३३०० वेळा कंप पावतो, १ सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे ३३० वेळा. झऱ्याची झुळझुळ आणि पाइपातली गुळगुळ यांच्यातला फरक बराचसा या आकारांतून येतो. बारीक बुडबुडे सळसळतात, तर पाइपात फुटणाऱ्या मोठ्या हवेच्या पोकळ्या खर्जात घुमतात आणि पाइपाची पोकळी तो स्वर आणखी वाढवते. निःशब्द निचऱ्याचे सगळे प्रकार एका विधानात बसवता येतात: पाइपात एक तर फक्त पाणी असावे, किंवा पाण्याला आणि हवेला आपापली ठरलेली वाट असावी, त्या दोघांनी एकाच वाटेसाठी झगडू नये. पाण्याने भरलेली बाटली एकदम उलटी केली की ती डुबुक-डुबुक करत थांबून थांबून रिकामी होते, कारण बाहेर पडणारे पाणी आणि आत शिरणारी हवा यांना एकच तोंड असते. वाईट रीतीने बसवलेला निचरा पाइप अखंड याच अवस्थेत असतो.

उभ्या पाइपात पाणी तीन प्रकारांनी उतरू शकते. प्रवाह थोडा असेल तर पाणी पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटून पातळ वेढ्याने खाली सरकते आणि मधोमध हवेचा अखंड स्तंभ राहतो. ही उघड्या प्रवाहाची अवस्था बरीच शांत असते. प्रवाह वाढत गेला की पाण्याचा वेढा जाड होतो, जागोजाग तो मध्यभागी मिळून पाण्याचे बोळे तयार होतात, बोळ्यांखाली हवा दाबली जाते, वर पोकळी पडते आणि पाइप धडधडू लागतो. प्रवाह आणखी वाढला आणि हवा आत येण्याची वाट बंद झाली, तर पाइप काठोकाठ भरतो आणि सायफन सुरू होतो; म्हणजे खाली उतरणाऱ्या अखंड पाण्याच्या वजनाने वरचे पाणी ओढले जाते, हवेला जागाच राहत नाही आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. इमारतींच्या सांडपाण्याच्या उभ्या पाइपांचा अभ्यास करताना अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेतील रॉबर्ट वायली आणि हर्बर्ट ईटन यांनी १९६१ मध्ये जी मांडणी केली, तिच्यानुसार पाइपाच्या छेदाचा सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश भाग पाण्याने व्यापला जाईल इथवरच उघडा प्रवाह सुरळीत मानला जातो. ती सूत्रे मोठ्या पाइपांसाठी होती, तरी अंदाजापुरती लावली तर आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून ताशी ६०० ते १००० लिटर पाणी शांतपणे उतरेल असे निघते. चार फुटी मत्स्यालयाचा पंप बहुधा याच्या दुप्पट पाणी देतो, म्हणजे एकच २५ मिलिमीटरचा उघडा पाइप लावणारा हौशी माणूस नकळत नेमक्या त्या मधल्या, धडधडीच्या अवस्थेत काम करत असतो.

एका पाइपावर भागवायचे असेल तर ‘डर्सो’ या नावाने ओळखली जाणारी उभी नळी हा पूर्वीपासून चालत आलेला उपाय आहे. पेटीत उभ्या केलेल्या पाइपाच्या डोक्यावर टी बसवायचा, टीच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावायचा आणि वरच्या तोंडाला टोपी घालून तिच्यात बारीक छिद्र पाडायचे, एवढीच तिची रचना असते. पाणी पृष्ठभागाखालून एल्बोत शिरते, त्यामुळे भोवरा पडून हवा ओढली जात नाही. लागणारी हवा टोपीच्या छिद्रातून स्वतंत्रपणे येते. छिद्र फार लहान असेल तर पाइप भरून सायफन सुरू होतो, पेटी रिकामी होते, हवा शिरून सायफन तुटतो, पेटी पुन्हा भरते आणि ठराविक काळाने फुर्र असा आवाज येत राहतो; छिद्र फार मोठे असेल तर त्यातूनच गुळगुळ बाहेर ऐकू येते. टोपीच्या छिद्रात लहान हवेचा कॉक बसवून तो हळूहळू फिरवत मधली जागा शोधता येते. कमी प्रवाहाच्या, वनस्पतींच्या गोड्या पाण्याच्या टाकीला ही नळी पुरते. मात्र तिच्यात पाइप एकच असल्याने गोगलगाय किंवा पानाचा तुकडा अडकला की दुसरा मार्ग उरत नाही, आणि ही उणीव कोणत्याही छिद्राने भरून निघत नाही.

पूर्ण भरलेला सायफन शांत असतो, शिवाय तो आश्चर्य वाटावे इतके पाणी वाहून नेतो. पेटीतील पाणी आणि संपातील पाणी यांच्या पातळ्यांत ८० सेंटिमीटरचे अंतर असेल, तर कोणताही अडथळा नसताना पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास ४ मीटर होईल. तोंडाशी, वळणांवर आणि भिंतीवर होणारे नुकसान धरून त्याच्या निम्माच वेग मिळाला, तरी २५ मिलिमीटरच्या पाइपातून ताशी सुमारे ३५०० लिटर पाणी जाते. पंपाने दिलेले २००० लिटर हे त्याहून कमी असल्याने मोकळा सोडलेला सायफन पेटी रिकामी करून हवा ओढतो आणि तुटतो. म्हणून त्याच्या खालच्या टोकाजवळ व्हॉल्व्ह बसवून त्याला आवळावे लागते, म्हणजे तो पंपाइतकेच पाणी सोडतो आणि कायम भरलेला राहतो. ‘हर्बी’ या नावाने प्रसिद्ध असलेली रचना याच तत्त्वावर उभी आहे: एक पाइप व्हॉल्व्हने आवळलेला सायफन आणि दुसरा, त्याहून उंच तोंडाचा, कोरडा आपत्कालीन पाइप.

या रचनेतील अडचण गणितातच दडलेली आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. सायफनचा प्रवाह पातळ्यांमधील अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पेटीतील पाणी ५ सेंटिमीटरने वर चढून अंतर ८० वरून ८५ सेंटिमीटर झाले, तरी प्रवाह केवळ ३ टक्क्यांनी वाढतो. उलट दिशेने पाहिले, तर पंपाचा प्रवाह किंवा पाइपातला अडथळा ३ टक्क्यांनी बदलला की पेटीतील पातळी ५ सेंटिमीटरने हलते. असे बदल रोज घडतात: बाष्पीभवनाने संपाची पातळी उतरते आणि पंपाला थोडे जास्त उंच पाणी चढवावे लागते, पाइपाच्या आत शेवाळाचा चिकट थर धरतो, बोअरच्या जड पाण्यातला क्षार पंपाच्या पात्यांवर साचतो. व्हॉल्व्ह कितीही काळजीने लावला, तरी काही दिवसांनी पेटी एक तर हळूहळू रिकामी होऊन पाइप घोट घेऊ लागतो किंवा हळूहळू भरून आपत्कालीन पाइपात पाणी शिरते. पाण्याची आवक-जावक एकाच स्थिर अडथळ्याने तंतोतंत जुळवणे दीर्घकाळ टिकत नाही, हे एकदा लक्षात आले की तिसऱ्या पाइपाची गरज आपोआप पटते.

‘बीनअ‍ॅनिमल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन पाइपांच्या रचनेत पहिला पाइप आवळलेला सायफन असतो आणि तो बहुतांश पाणी नेतो, पण जाणूनबुजून थोडे कमी. उरलेले पाणी, समजा ताशी १०० ते २०० लिटर, दुसऱ्या पाइपातून उघड्या प्रवाहाने भिंतीला चिकटून उतरते. इतक्या अल्प प्रवाहाला २५ मिलिमीटरचा पाइप इतका प्रशस्त ठरतो की त्याचा आवाज कपाटाच्या दाराबाहेर येत नाही. पंपाच्या प्रवाहात पाच-सात टक्के चढ-उतार झाला, तर तो हा दुसरा पाइप पोटात घेतो आणि पेटीतली पातळी काही मिलिमीटरच हलते, कारण उघड्या तोंडावरून जाणारे पाणी सांडव्याच्या नियमाने वागते व पातळीच्या किंचित वाढीनेही प्रवाह झपाट्याने वाढतो. सायफनचा सुस्तपणा आणि उघड्या पाइपाची तत्परता यांची ही जोडणी हौशी लोकांनी घडवलेल्या जलरचनांमधली अत्यंत बुद्धिमान म्हणावी अशी आहे. तिचा आणखी एक भाग असा की, दुसऱ्या पाइपाच्या डोक्यावरून निघणाऱ्या बारीक हवेच्या नळीचे तोंड नेहमीच्या पाण्याच्या पातळीच्या थोडे वर ठेवलेले असते. पहिला पाइप तुंबला तर पेटीतील पाणी चढते, हे तोंड बुडते, दुसऱ्या पाइपाला हवा मिळेनाशी होते आणि तो स्वतःच सायफन बनून सगळे पाणी ओढू लागतो. तिसरा पाइप कोरडा असतो. त्याचे तोंड हवेच्या नळीच्या तोंडाहून वर पण टाकीच्या काठाहून पुरेसे खाली असते, आणि त्याचे संपातील टोक पाण्यावर अधांतरी सोडलेले असते. त्यातून पाणी पडू लागले की मोठा धबधबाट होतो. हा आवाज मुद्दाम राखलेला असतो, कारण घरातल्या माणसाला बिघाडाची वर्दी देणारी दुसरी कोणतीही साधी सोय इतकी खात्रीची नसते. म्हणून या टोकाला पाण्यात बुडवून ‘शांत’ करण्याचा मोह टाळावा.

व्हॉल्व्ह कोणता आणि कुठे, याला मोठे महत्त्व आहे. अर्ध्या वळणाच्याही आत पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह केसभर हलवला तरी प्रवाह पाच-दहा टक्क्यांनी बदलतो, त्यामुळे सूक्ष्म जुळणीसाठी तो गैरसोयीचा ठरतो. अनेक फेऱ्यांनी उघडणारा गेट व्हॉल्व्ह या कामाला योग्य असतो. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा पितळी गेट व्हॉल्व्ह मात्र वापरू नये, विशेषतः खाऱ्या पाण्याच्या टाकीत, कारण पितळेतील तांबे पाण्यात उतरते आणि कोळंबी, प्रवाळ यांसारख्या अपृष्ठवंशीय जिवांना ते अत्यल्प प्रमाणातही घातक असते. प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह शोधायला वेळ लागला तरी तो लावणेच योग्य. त्याची जागा पाइपाच्या खालच्या टोकाजवळ असावी. वरच्या टोकाला आवळल्यास व्हॉल्व्हखालचे पाणी आपल्या वजनाने ओढ घेते, तेथील दाब वातावरणापेक्षा कमी होतो, सांध्यांतून हवा आत खेचली जाऊ शकते आणि पाण्यात विरघळलेली हवाही बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागते. खाली आवळल्यास संपूर्ण पाइप दाबाखाली भरलेला राहतो. पाइप शक्य तितका सरळ उतरावा, वळण आवश्यकच असेल तर ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन घ्यावेत, आणि मध्येच वर चढणारी वाट कुठेही ठेवू नये, कारण तिच्या माथ्यावर हवा अडकून बसते. व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूला युनियन बसवला, तर पुढे सफाईसाठी पाइप कापावा लागत नाही.

सायफनच्या खालच्या टोकाची खोली ही बाब किरकोळ दिसते, पण पुष्कळ रचना याच ठिकाणी फसतात. पंप बंद असताना पाइप हवेने भरतो. पंप सुरू झाल्यावर वरून शिरणाऱ्या पाण्याने ही हवा खालच्या टोकातून बाहेर ढकलायची असते, आणि ते टोक संपात जितके खोल बुडालेले, तितका जास्त दाब हवेला बाहेर पडण्यासाठी लागतो. म्हणून टोक पाण्याखाली २ ते ३ सेंटिमीटरच ठेवावे: तेवढ्याने पाणी पडण्याचा आवाज थांबतो आणि हवाही सुटते. महाराष्ट्रातल्या ज्या गावांत व उपनगरांत दिवसातून अनेकदा वीज जाते, तिथे हीच रचनेची खरी परीक्षा असते, कारण घरात कोणी नसताना वीज गेली आणि आली, तरी सारे पुन्हा आपोआप सुरू झाले पाहिजे. नीट बसवलेल्या तीन पाइपांच्या रचनेत पंप सुरू होताच पेटी भरते, दुसरा पाइप खळाळत काम सुरू करतो, पाणी चढून हवेची नळी बुडते, काही क्षण दोन्ही पाइप सायफन म्हणून वाहतात, पेटीची पातळी उतरते, नळी उघडी पडते आणि दुसरा पाइप पुन्हा उघड्या प्रवाहावर येतो. हा सारा गोंगाट साधारण मिनिटभरात शमतो.

वीज जाण्याच्या क्षणी काय घडते याचा हिशेब आधीच मांडून ठेवावा लागतो. १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत पाण्याचा दर सेंटिमीटर म्हणजे ५.४ लिटर. पंपाकडून येणाऱ्या पाइपाचे तोंड पृष्ठभागाखाली ३ सेंटिमीटर असेल, तर पंप थांबताच तोच पाइप उलटा सायफन बनतो आणि तोंड उघडे पडेपर्यंत सुमारे १६ लिटर पाणी खाली येते; पेटीतले व पाइपांतले पाणी धरून हा आकडा २० लिटरच्या आसपास जातो. ७५ बाय ३५ सेंटिमीटरच्या संपात तेवढ्याने पातळी जवळजवळ ८ सेंटिमीटर चढते, म्हणजे चालू स्थितीत संप तेवढा तरी रिकामा असलाच पाहिजे. तोंड १ सेंटिमीटरवर आणले तर परत येणारे पाणी निम्म्यावर येते. हे केवळ संपासाठी हिताचे असते असे नाही. वीज परत येते तेव्हा संपाची पातळी सर्वांत वर असते आणि सायफनचे टोक त्या प्रमाणात जास्त खोल बुडालेले असते, त्यामुळे उलटे येणारे पाणी जितके कमी, तितका सायफन लवकर हवामुक्त होतो. अनेक जण यासाठी एकमार्गी व्हॉल्व्ह बसवतात किंवा परतीच्या पाइपाला पृष्ठभागालगत छिद्र पाडतात. व्हॉल्व्हच्या पडद्यात वाळूचा एक कण किंवा बारीक शंख अडकला की तो गळू लागतो आणि छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून त्यांचा आधार घ्यावा पण हिशेब ते नाहीत असे धरूनच करावा.

याच्या उलट बाजूचा हिशेब क्वचितच केला जातो. तिन्ही पाइप एकदम तुंबले अशी कल्पना केली, तर पंप संपातले पाणी वर चढवत राहील आणि टाकी ओसंडेल. परंतु संपाच्या ज्या कप्प्यात पंप बसवलेला असतो, त्यात पंपाला उपसता येईल असे पाणी १२ लिटरच असेल आणि वरच्या टाकीत काठापर्यंतची मोकळी जागा ३ सेंटिमीटर, म्हणजे १६ लिटर असेल, तर पंप कोरडा पडेल पण फरशीवर थेंब येणार नाही. पंप जळाला तर बदलता येतो. लाकडी कपाटात आणि खालच्या मजल्यावरच्या छतात मुरलेले खारे पाणी सहज निस्तरत नाही. संपातल्या आडव्या काचांची उंची ठरवतानाच हा हिशेब पुरा करता येतो, नंतर तो साधणे कठीण जाते.

पाइपांसाठी काचेला भोके पाडणे अटळ असते. साध्या काचेत पाण्याची धार सोडत, हिऱ्याच्या कणांच्या पोकळ बिटने, कमी वेगाने व दाब न देता भोक पाडता येते, आणि टाकी बांधणारे कारागीर हे काम सर्रास करतात. टफन्ड काच मात्र कोणत्याही भोकाला सहन करत नाही, तिचा क्षणात चुरा होतो. टँक निपल आधी विकत घेऊन त्याच्या आट्यांचे माप प्रत्यक्ष घेतल्यावरच बिट निवडावा, आणि दोन भोकांमध्ये तसेच भोक व काचेच्या कडेमध्ये किमान एका भोकाच्या व्यासाइतकी काच ठेवावी. भोक पाडणे टाळण्यासाठी काठावर अडकवायच्या पेट्या मिळतात, ज्यांत उलट्या यू आकाराच्या नळीने पाणी काचेवरून बाहेर येते. या नळीच्या माथ्यावर बारीक बुडबुडे साचत जातात, आणि पंप बंद झाल्यावर किंवा हवा साचून सायफन एकदा तुटला की तो स्वतःहून पुन्हा सुरू होईल याची शाश्वती नसते. पंप मात्र चालूच राहतो. भाड्याच्या घरातल्या किंवा आधीच भरलेल्या टाकीच्या मालकाची अडचण समजण्यासारखी असली, तरी जिथे दिवसा घर बंद असते तिथे या पेटीची शिफारस करता येत नाही.

पाइप निःशब्द झाल्यावर पूर्वी दबलेले आवाज ऐकू येऊ लागतात. सांडव्यावरून पेटीत पडणाऱ्या पाण्याची उंची हा त्यातला पहिला; पेटीतील पातळी काठापासून ३ ते ५ सेंटिमीटर खाली राहील अशा बेताने दुसऱ्या पाइपाचे तोंड बसवले, तर धबधब्याऐवजी नुसती घसरण उरते. पाइप कपाटाच्या फळीला टेकत असेल तर त्याचा कंप लाकडातून मोठा होऊन येतो, यावर भोक थोडे मोठे ठेवून मध्ये रबर घालणे पुरते. संपात येणाऱ्या पाण्याबरोबर बारीक बुडबुडे येत असतील, तर पहिल्या कप्प्यानंतर पाणी एका काचेवरून आणि पुढच्या काचेखालून जाईल अशी मांडणी करावी, म्हणजे हवा वर सुटते व पंपात शिरून पुन्हा टाकीभर पसरत नाही.

जुळणी करताना सायफनचा व्हॉल्व्ह आधी पूर्ण उघडून हवा जाऊ द्यावी, मग तो अर्धी-अर्धी फेरी आवळत, प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटे थांबून, दुसऱ्या पाइपात पाण्याची बारीक धार सुरू होईपर्यंत न्यावा. घाई केली तर पातळी स्थिर होण्याआधीच पुढचा बदल होतो आणि जुळणी हाती लागत नाही. त्यानंतर सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दुसरा पाइप एकटा सगळे पाणी नेतो का ते पाहावे, मग दुसऱ्याचेही तोंड बंद करून तिसऱ्याची पारख करावी, आणि शेवटी पंपाचे बटण पाच-सहा वेळा बंद-चालू करून प्रत्येक वेळी सारे आपोआप पूर्ववत होते याची खात्री करावी. या चाचण्या मासे सोडण्यापूर्वी, नुसत्या नळाच्या पाण्यावर झालेल्या बऱ्या. पुढे महिन्यातून एकदा सायफनचा व्हॉल्व्ह क्षणभर पूर्ण उघडला की त्याच्या फटीत साठलेला गाळ वाहून जातो. त्याच्या दांड्यावर रंगाची खूण केलेली असेल आणि फेऱ्या मोजलेल्या असतील, तर तो पूर्वीच्या जागी परत आणता येतो. पंप साफ केल्यानंतर मात्र ही खूण उपयोगाची राहत नाही, कारण स्वच्छ पंप अधिक पाणी देतो आणि दुसऱ्या पाइपातली धार जाड होऊन खळखळू लागते. त्या दिवशी व्हॉल्व्ह किंचित उघडून जुळणी नव्याने करावी लागते.